चेर्नोबिलनंतरची दुरुस्ती

भर पावसाळ्यातला शनिवार होता. मावळ तालुक्यातल्या दहाबारा शिक्षकांबरोबर आम्ही लोणावळ्याला वळवण तलावाच्या काठी उभे होतो. विषय होता जलविद्युत. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरते. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून येणाऱ्या त्या पाण्याच्या जोरावर तिथल्या टाटांच्या वीजघरात १९१५ सालापासून वीज तयार होते. आजची क्षमता ७२ मेगावॅट. हे सगळे मावळातल्या शिक्षकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तलाव त्यांचा, पाऊस त्यांचा. आम्ही पुण्याहून आलेले पाहुणे.

कामशेतकडच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारले, "हे वीजघर अचानक थांबवायचे झाले तर काय करतात?" आम्ही म्हणालो, "झडप बंद करतात. पाणी थांबले की चाक थांबते." बाईंचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग अणुवीजघराला अशी झडप नसते का? चेर्नोबिलला ती कोणी बंद का केली नाही?"

चहाच्या टपरीत, ओल्या कपड्यांनी, आम्ही जे उत्तर दिले ते अर्धवट होते. त्याचे कारण असे की हा प्रश्न भौतिकशास्त्राचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे. पुढचा मजकूर म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग समजावा.

आधी भौतिकशास्त्र. अणुभट्टीला झडप असते. न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे इंधनात खाली सोडले की शृंखला प्रक्रिया काही सेकंदांत थांबते. पण भट्टी थंड होत नाही. युरेनियमचा अणू फुटून जे तुकडे झालेले असतात ते स्वतः किरणोत्सारी असतात, आणि त्यांचा क्षय कोणत्याही दांड्याने थांबत नाही. भट्टी बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता तयार होतच असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्के ऐकून हे क्षुल्लक वाटते, म्हणून आकडे घालून पाहू. सोव्हिएत बनावटीच्या ४४० मेगावॅटच्या 'व्हीव्हीईआर' भट्टीत १,३७५ मेगावॅट एवढी उष्णता निर्माण होते. ती बंद केली त्या क्षणी उरलेली उष्णता नव्वद मेगावॅटच्या घरात असते. म्हणजे 'बंद' असलेली भट्टी जेवढी उष्णता ओकत असते, तेवढी वीज खोपोलीचे वीजघर पूर्ण जोरात चालूनही तयार करत नाही.

दुसऱ्या दिवशी उरतात सुमारे ७ मेगावॅट, म्हणजे सेकंदाला ७० लाख ज्यूल. तीस अंशांचे एक किलो पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण साडेपंचवीस लाख ज्यूल लागतात. दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. उत्तर येते ते असे: भट्टी निवती ठेवायला तासाला जवळजवळ दहा हजार लिटर पाणी हवे. मावळच्या कोरड्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, तसा एक टँकर दर तासाला, दिवसरात्र, कित्येक दिवस.

पाणी पंपाने येते. पंप विजेवर चालतो. वीज केबलमधून येते. केबल जळली तर? अणुसुरक्षेचा बराचसा इतिहास या शेवटच्या प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो चेर्नोबिलच्या आधीच सुरू होतो.

२२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून केबल जातात त्या भोकांतून हवा गळते का हे एक कामगार मेणबत्ती धरून तपासत होता. भोके बुजवायला वापरलेल्या फोमने पेट घेतला. आग सात तास चालली, सोळाशेच्या आसपास केबल जळल्या आणि संकटात भट्टी थंड करण्यासाठी ठेवलेल्या यंत्रणाच एका भट्टीपुरत्या निकामी झाल्या. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पूर्व जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे सोव्हिएत बनावटीच्या पहिल्या भट्टीत एक वीजतंत्री शिकाऊ मुलाला विद्युत मंडल कसे जोडायचे हे दाखवत होता. (प्रात्यक्षिक दाखवताना आपल्यापैकी कोणाच्या हातून फ्यूज उडाला नाही?) तिथे शॉर्ट सर्किट झाले, केबलांना आग लागली आणि सहापैकी पाच मुख्य पंपांची वीज गेली. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी आर्मेनियातल्या मेत्सामोर केंद्रात पुन्हा केबलांची आग. तिथे कर्मचाऱ्यांनी डिझेल जनित्रापासून पंपापर्यंत तात्पुरती केबल ओढली आणि भट्टी वाचवली.

या तिन्ही आगींत भट्टी शाबूत राहिली. फरक पडला तो नंतर काय झाले यात. ब्राउन्स फेरीचा अहवाल छापला गेला, अमेरिकी संसदेत त्यावर प्रश्न विचारले गेले आणि १९८० साली केबल परस्परांपासून दूर व आगरोधक भिंतींआड ठेवण्याचे सक्तीचे नियम झाले. ग्राइफ्सवाल्डची आग पूर्व जर्मनीच्या नागरिकांना कळली ती चौदा वर्षांनी, राजवट कोसळल्यावर, दूरचित्रवाणीवरून.

चेर्नोबिलची कथा अनेकांनी सांगितली आहे, म्हणून आम्ही तिचा एकच धागा घेतो. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चौथ्या भट्टीवर जो प्रयोग चालू होता तो सुरक्षिततेचाच होता. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनित्रे पूर्ण चालू होईपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढा वेळ, मंदावत जाणाऱ्या टर्बाइनच्या फिरण्यातूनच पंपांना वीज मिळेल का, हे पाहायचे होते. म्हणजे तोच प्रश्न: भट्टी बंद झाल्यावर पंपाला वीज कोण देणार?

प्रयोग वाईट परिस्थितीत केला गेला, नियम मोडले गेले, हे खरे. पण 'आरबीएमके' या भट्टीत दोन जन्मजात दोष होते. पाण्याची वाफ झाली की तिची शक्ती कमी होण्याऐवजी वाढत असे. आणि नियंत्रक दांड्यांच्या खालच्या टोकाला ग्राफाइटचा भाग होता. पूर्ण वर ओढलेला दांडा खाली सोडला की पहिल्यांदा तो ग्राफाइट तिथले न्यूट्रॉन शोषणारे पाणी बाजूला सारत असे आणि भट्टीच्या खालच्या भागात प्रक्रिया क्षणभर वाढत असे. कामशेतच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. झडप बंद करण्याचे बटण दाबले होते. ते दाबल्यावरच भट्टी उसळली.

हे कोणालाच ठाऊक नव्हते काय? होते. १९७५ च्या नोव्हेंबरात लेनिनग्राड केंद्रात याच जातीच्या भट्टीत इंधनाची नळी फुटून अपघात झाला होता. १९८३ साली लिथुआनियात इग्नालिना येथे नवी भट्टी सुरू करताना दांड्यांचा उलटा परिणाम मोजलाही गेला होता. पण तेव्हाच्या व्यवस्थेत एका केंद्राची चूक दुसऱ्या केंद्राला सांगण्याची पद्धत नव्हती. चेर्नोबिलच्या नियंत्रणकक्षात त्या रात्री बसलेल्या तरुण अभियंत्यांना आपल्या बटणाचा हा गुण माहीत नव्हता.

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत सोव्हिएत शिष्टमंडळाचे प्रमुख वालेरी लेगासोव यांनी अपघाताचा तपशीलवार वृत्तांत मांडला. शीतयुद्धाच्या काळात एवढा मोकळेपणा कोणी अपेक्षिला नव्हता. तरी त्या वृत्तांतात दोषाचा मोठा वाटा चालकांवर टाकलेला होता आणि संस्थेच्या तज्ज्ञगटाच्या पहिल्या अहवालानेही तेच उचलले. सहा वर्षांनी, १९९२ साली, त्याच गटाने नवी माहिती हाती आल्यावर दुसरा अहवाल काढला आणि दोष भट्टीच्या आराखड्याकडे व माहिती दडवणाऱ्या व्यवस्थेकडे वळवला. विज्ञान आपली चूक कशी दुरुस्त करते हे वर्गात सांगायला आपण नेहमी पृथ्वी-सूर्याचे उदाहरण घेतो. हे दोन अहवाल त्याहून जवळचे आहेत, आणि त्यात मेलेल्या माणसांच्या नावाचा प्रश्न होता.

व्हिएन्नाच्या बैठकीनंतर महिन्याभरात, सप्टेंबर १९८६ मध्ये, दोन आंतरराष्ट्रीय करार झाले: अपघात झाल्यास शेजाऱ्यांना तत्काळ कळवण्याचा आणि मागितल्यास मदत देण्याचा. भारताने दोन्हींना १९८८ साली मान्यता दिली. १५ मे १९८९ रोजी मॉस्कोत जगभरच्या अणुवीज केंद्रांची संघटना स्थापन झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वॅनो' म्हणतात. ती सरकारांची नसून केंद्र चालवणाऱ्यांची होती, आणि तिचे मुख्य काम साधे होते. एका केंद्राच्या अभियंत्यांनी दुसऱ्या केंद्रात जाऊन दोन-तीन आठवडे राहायचे, पाहायचे, आणि दिसले ते यजमानांच्या तोंडावर सांगायचे. शाळा तपासणीची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यातली अडचण सांगायला नको. तपासणीच्या दिवशी सगळे स्वच्छ असते. पण तपासणारा साहेब असण्याऐवजी दुसऱ्या शाळेतला शिक्षक असेल, आणि पुढच्या वर्षी आपण त्याच्या शाळेत जाणार असू, तर बोलणे वेगळे होते.

मग १९९० साल उजाडले आणि पूर्व युरोपची दारे एकदम उघडली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सर्वांत जुन्या, '२३०' या नमुन्याच्या व्हीव्हीईआर भट्ट्यांच्या तपासणीचा खास कार्यक्रम हाती घेतला. या भट्ट्यांभोवती पाश्चात्त्य पद्धतीचे भक्कम काँक्रीटचे कवच नव्हते. मोठी नळी फुटली तर पुरेसे पाणी ओतणारी यंत्रणा नव्हती. आणि पंपांच्या, नियंत्रणाच्या, राखीव यंत्रणेच्या केबल एकाच मार्गाने गेलेल्या होत्या. तज्ज्ञांनी सुमारे शंभर त्रुटींची यादी केली आणि त्यांचा गंभीरपणानुसार क्रम लावला. ग्राइफ्सवाल्डच्या अशा चारही भट्ट्या १९९० मध्येच थांबवण्यात आल्या. बल्गेरियातल्या कोझलोदुई केंद्रात १९९१ साली गेलेल्या पथकाला जे दिसले ते इतके वाईट होते की त्यांनी भट्ट्या थांबवून दुरुस्ती करायला सांगितले.

इथे तंत्रज्ञान संपते आणि भांडण सुरू होते. बल्गेरियाची सुमारे एक तृतीयांश वीज कोझलोदुईतून येत होती. देश कंगाल, हिवाळा समोर. पश्चिम युरोपचे म्हणणे होते, बंद करा. बल्गेरियाचे म्हणणे होते, मग दिवा कशावर लावू? जुलै १९९२ मध्ये म्युनिकला श्रीमंत सात देशांच्या परिषदेत या भट्ट्यांसाठी बहुराष्ट्रीय मदतीचे ठरले आणि १९९३ साली युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेत त्यासाठी खास निधी उघडला गेला. पैसा देताना अट होती: ही रक्कम तातडीच्या सुधारणांसाठी आहे, भट्टीचे आयुष्य वाढवण्यासाठी नाही. ज्यांच्याकडे दुसरी वीजच नव्हती त्यांना या अटीचा अर्थ लावताना फार कसरत करावी लागली. मदतीचा मोठा भाग पाश्चात्त्य सल्लागार कंपन्यांच्या अहवालांवर खर्च होतो, ही टीका तर खुद्द युरोपातूनही झाली. आम्हाला ती बरीचशी रास्त वाटते. एका केबलमार्गात आगरोधक भिंत बांधायला लागतो त्याहून जास्त वेळ त्या भिंतीची गरज लिहिण्यात गेला, असे प्रसंग कमी नसावेत.

आर्मेनियाचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात हजारो माणसे मेली. मेत्सामोर केंद्राला इजा झाली नव्हती, तरी सावधगिरी म्हणून १९८९ मध्ये ते बंद केले. त्यानंतर सोव्हिएत संघ फुटला, शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या, इंधन येईना. येरेवान शहरात दिवसाला तास-दोन तास वीज मिळे आणि लोकांनी शेकोटीसाठी रस्त्यावरची झाडे तोडली. १९९५ साली परदेशी मदतीने सुधारणा करून दुसरी भट्टी पुन्हा सुरू झाली. धोक्याची भट्टी आणि वीज नसलेला हिवाळा यांतून निवड करायची होती. वर्गात वादविवादासाठी हा विषय द्यावा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे.

या भेटीगाठींतून आणखी एक गोष्ट घडली. पाश्चात्त्य अभियंते आले होते उणिवा मोजायला, पण त्यांना गुणही दिसले. जुन्या व्हीव्हीईआरमध्ये भट्टीच्या आकाराच्या मानाने पाण्याचा साठा फार मोठा होता आणि तिची बाष्पजनित्रे आडवी व पाण्याने भरलेली होती. पंप थांबले तरी त्या पाण्याने कित्येक तास तग धरता येई. ग्राइफ्सवाल्डला आणि मेत्सामोरला अनर्थ टळला त्यात या साठ्याचा हात होता. दुसरी गोष्ट भट्टीच्या पोलादी पात्राची. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने हे पोलाद वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. सोव्हिएत अभियंत्यांनी पात्र जागच्या जागीच तापवून काही दिवस तसेच ठेवण्याची आणि मग निववण्याची रीत बसवली आणि १९८७ साली नोव्होवोरोनेझ येथे ती वापरली. लोहार ठिसूळ पाते तापवून सावकाश निवू देतो तोच प्रकार. या विषयात शिकायचे होते ते पश्चिमेलाच.

आणि दोन्हीकडचे चांगले एकत्र आणता येते हे फिनलंडने आधीच दाखवले होते. १९७७ साली सुरू झालेल्या तिथल्या लोविसा केंद्रात भट्टी सोव्हिएत, नियंत्रण यंत्रणा जर्मन आणि भोवतीचे कवच अमेरिकी पद्धतीचे. फिनलंडच्या नियामकांनी तशी अटच घातली होती. विकत घेणारा देश छोटा होता, पण त्याला काय विचारायचे ते ठाऊक होते.

पुढचे थोडक्यात. आरबीएमके भट्ट्यांत जादा शोषक बसवले, इंधनाची समृद्धी २ टक्क्यांवरून २.४ टक्के केली, दांड्यांची रचना बदलली, ते पूर्ण खाली यायला लागणारे १८ सेकंद १२ वर आणले आणि वेगळी शीघ्र यंत्रणाही जोडली. चेर्नोबिलची शेवटची भट्टी १५ डिसेंबर २००० रोजी थांबली. इग्नालिनाच्या दोन भट्ट्या २००४ आणि २००९ मध्ये थांबल्या, कारण युरोपीय संघात येण्याची ती अट होती. कोझलोदुईच्या चार जुन्या भट्ट्या त्याच अटीमुळे २००२ आणि २००६ अखेर बंद झाल्या. गंमत अशी की त्यांतल्या शेवटच्या दोन भट्ट्यांवर तोपर्यंत इतके काम झाले होते की तपासणी पथकांनी त्यांना चांगले शेरे दिले होते.

आता घरी परत येऊ. भारतात त्या काळी सोव्हिएत भट्टी नव्हती, पण प्रश्न तोच होता. महाराष्ट्रातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. ब्राउन्स फेरीच्या भट्ट्याही याच कंपनीच्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचे सहकार्य आटत गेले. इंधनाबरोबर सुटे भाग आणि सल्लाही. पूर्व युरोपच्या जुन्या भट्ट्यांपाशी जग १९९० नंतर मदत घेऊन धावत होते तेव्हा तारापूरचे अभियंते तितक्याच जुन्या यंत्रावर बहुतांशी एकट्याने काम करत होते. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण एकटेपणाला किंमत असते, आणि ती दुसरीकडे चुकती झाली.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. हादऱ्याने जनित्रातला हायड्रोजन बाहेर पडला, आग लागली आणि ती केबलांवरून पसरली. मुख्य आणि राखीव दोन्ही पुरवठ्यांच्या केबल आगीपासून पुरेशा अलग नव्हत्या. केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. नियंत्रणकक्षात धूर भरला आणि माणसांना बाहेर पडावे लागले. शृंखला प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी अंधारात वर चढून बोरॉनच्या द्रावणाच्या झडपा हाताने उघडल्या आणि आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले. किरणोत्सार बाहेर गेला नाही. हे काम ज्यांनी केले त्यांची नावे शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती.

ब्राउन्स फेरी ते नरोरा, अठरा वर्षे. ब्राउन्स फेरीचा अहवाल गुप्त नव्हता. तो कोणालाही वाचता येत होता. तेव्हा निर्बंधांमुळे कळले नाही, हे उत्तर आम्हाला पटत नाही. वाचलेले आपल्या केबलमार्गापर्यंत पोहोचवायला कोणीतरी बाहेरचा येऊन 'ही केबल इथे का?' असे विचारावे लागते. आपल्याकडे तो विचारणारा उशिरा आला. नरोरानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने सगळ्या केंद्रांत टर्बाइनची पाती आणि केबलांचे अडसर तपासायला लावले. १९९५ साली मंडळाने सुरक्षिततेच्या सुमारे १३० मुद्द्यांची यादी केली, पण तो दस्तऐवज लोकांसमोर ठेवला गेला नाही. तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यावर या विषयावर जाहीरपणे लिहिले आणि बरीच नाराजी ओढवून घेतली.

पुढे दारे किलकिली झाली. भारतीय अणुवीज महामंडळ वॅनोच्या टोकियो केंद्राशी जोडलेले आहे आणि आपल्या केंद्रांतही परदेशी अभियंत्यांची पथके येऊन गेली. अणुसुरक्षा कराराला, जो १९९४ साली मुख्यतः सोव्हिएत भट्ट्यांच्या अनुभवातून झाला, भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. २००५-०६ मध्ये तारापूरच्या जुन्या भट्ट्या थांबवून त्यांची मोठी सुधारणा झाली: मोठी डिझेल जनित्रे, दोन्ही भट्ट्यांना सामाईक असलेल्या यंत्रणांची फारकत, वेगळा राखीव नियंत्रणकक्ष. नरोराला धुरामुळे माणसे बाहेर पडली होती हे आठवले की शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कळते. २०१२ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासणी पथक प्रथमच भारतात, राजस्थानच्या केंद्रात, आले. कोझलोदुईच्या बावीस वर्षांनी नव्हे, एकवीस वर्षांनी, पण आले. आणि त्याच सुमारास तमिळनाडूत कुडनकुलमला रशियन भट्टी सुरू होत होती. १९८८ साली ठरलेल्या आणि २०१३ मध्ये प्रथम क्रियाशील झालेल्या या व्हीव्हीईआरला दुहेरी कवच आहे, वीज पूर्ण गेली तरी हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने उष्णता वाहून नेण्याची सोय आहे आणि इंधन वितळलेच तर ते झेलणारे पात्र आहे.

मावळातल्या वाचकांसाठी एक पत्ता सांगतो. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या सुदुंबरे गावी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी असते. दरड आणि पूर यांमुळे तिची नावे वर्तमानपत्रात येतात. किरणोत्साराच्या अपघातात काम करण्याचेही शिक्षण तिथल्या जवानांना दिलेले असते. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीमध्ये नौदलाचे लोक जहाजावरची आग आणि अणुहल्ला या दोन्हींपासून बचाव शिकतात. १९८६ च्या व्हिएन्नातल्या कागदांचे एक टोक असे आपल्या तालुक्यात आहे.

दुसरे टोक युक्रेनमध्ये. झापोरिझ्झिया येथे सहा व्हीव्हीईआर भट्ट्यांचे, युरोपातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र आहे. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने ते ताब्यात घेतले. त्याच सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे मुक्कामाला आहेत आणि भट्ट्या बंद आहेत. बंद म्हणजे काय ते आपण पाहिलेच. ६ जून २०२३ रोजी नीपर नदीवरचे काखोव्का धरण फुटले आणि केंद्राला पाणी देणारा जलाशय रिकामा झाला. एव्हाना भट्ट्यांमधली उष्णता बरीच उतरली होती, म्हणून तिथल्या लोकांनी आवारात अकरा विहिरी खोदल्या. त्यांतून तासाला सुमारे अडीच लाख लिटर पाणी मिळते, आपल्या हिशोबाने पंचवीस टँकर, सहा भट्ट्यांना मिळून.

पाण्याची अशी सोय झाली, पण पंपांना वीज हवीच. २३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राकडे येणारी शेवटची वाहिनीही तुटली. महिनाभर सगळा भार डिझेल जनित्रांवर होता. शेवटी निरीक्षकांच्या मध्यस्थीने दोन्ही सैन्यांनी तेवढ्याच पट्ट्यात गोळीबार थांबवला, वीजतंत्री शिड्या घेऊन गेले, आणि २३ ऑक्टोबरला वाहिनी जोडली गेली.